वाघ्या घेवड्यासाठी रायझोबियम: आपल्याच शेतातल्या गाठीपासून बीजप्रक्रियेपर्यंत

पेरणीला पाच आठवडे झाले की घेवड्याचे एक झाड आणि शेजारच्या चवळीचे एक झाड कुदळीने मातीसकट उकरून काढा. उपटू नका, उपटले की गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात हलवून धुवा. चवळीच्या मुळांवर बहुतेक वेळा गाठींचे घोस दिसतील. घेवड्यावर मात्र चार-दोन बारीक गाठी, किंवा तेवढ्याही नाहीत, असे चित्र अनेक शेतांत दिसते. दोन्ही कडधान्येच, मग हा फरक कशाने?

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी बांधून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग, वाल या पिकांशी जमवून घेणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घेवडा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याचे खास सोबती, म्हणजे रायझोबियम फॅसिओली आणि रायझोबियम एटली, आपल्याकडे सगळीकडे सारख्या प्रमाणात नाहीत. जे आहेत त्यांतले बरेच गाठ बांधतात, पण नत्र फारसे देत नाहीत. म्हणूनच उत्तर भारतात राजम्याला, म्हणजे घेवड्याच्याच प्रकाराला, इतर कडधान्यांच्या कितीतरी पट, हेक्टरी १०० किलोच्या वर नत्र देण्याची शिफारस असते. कडधान्य असून युरियावर जगणारे पीक अशीच त्याची ओळख झाली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. दाण्यावरच्या लालसर पट्ट्यांची आणि चवीची ओळख आपण जपतो, तशीच त्याच्या मुळातल्या जिवाणूचीही जपायला हवी असे माझे ठाम मत आहे. त्याच मातीत, त्याच पावसात, त्याच वाणावर चांगल्या गाठी धरणारा जिवाणू जर एखाद्या शेतात सापडला, तर तो बाहेरून आणलेल्या कुठल्याही पाकिटाच्या तोडीस तोड ठरू शकतो. मात्र तो शोधून, वेगळा करून, तपासून मगच वाढवायचा. हे काम एका हंगामाचे नाही. खरिपात गाठी गोळा करायच्या, थंडीत चाचणी घ्यायची आणि पुढच्या मे-जूनमध्ये संवर्धक (बियांना लावायचे जिवाणू खत) तयार करायचे, असा पूर्ण वर्षाचा फेरा आहे. गावातला शेतकरी गट, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे महाविद्यालय किंवा थोडी प्रयोगाची सवय असलेला शेतकरी हे करू शकतो.

आधी पाकिटावरचे नाव वाचा

घरी जिवाणू वाढवा किंवा विकत घ्या, पहिला नियम एकच: पिकाचा गट जुळला पाहिजे. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. हरभऱ्याला मेसोरायझोबियम, वाटाणा आणि मसुराला रायझोबियम लेग्युमिनोसॅरम, मेथी आणि लसूणघासाला सायनोरायझोबियम. तूर-मूग-उडीद-चवळी-भुईमूग-वाल यांचा चवळी गट वेगळा. सोयाबीनचे पाकीट घेवड्याला चोळले तर बियांना काळा रंग येईल, गाठी येणार नाहीत. दुकानात 'रायझोबियम' एवढेच म्हणून मागितले तर खरिपात हाती सोयाबीनचेच पाकीट पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा पिकाचे नाव सांगून मागा आणि पाकिटावर तेच छापले आहे का ते बघा.

ज्यांना शोधाशोधीत पडायचे नाही, त्यांनी शुद्ध मूळ कल्चर, म्हणजे एकाच जातीचे वाढवलेले जिवाणू, आणावे आणि थेट वाढवण्याच्या टप्प्यावर यावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील जैविक नत्र स्थिरीकरण योजना आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जिवाणू खतांचे काम करतात. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

गाठी निवडणे

घेवडा फुलोऱ्यात येऊ लागला की गाठी सर्वांत जोमात असतात. शेंगा भरू लागल्यावर झाड आपली साखर दाण्यांकडे वळवते आणि गाठी विझत जातात, त्यामुळे उशीर करू नका. युरिया कमी किंवा अजिबात न पडलेल्या भागातली, तरीही गर्द हिरवी आणि जोमदार झाडे हेरा. बांधाच्या कडेला, जुन्या उकिरड्यापासून लांब, अशी झाडे मिळतात. उकिरड्याजवळचे झाड हिरवे असते ते शेणखतातल्या नत्रामुळे, त्यावरून जिवाणूची पारख होत नाही.

एक गाठ नखाने किंवा ब्लेडने कापून बघा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला पदार्थ. नत्र पकडणारे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होते, म्हणून हा पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि जिवाणूला श्वासापुरताच सोडतो. आतून पांढरी गाठ म्हणजे फुकट खाणारा भाडेकरू. हिरवट किंवा तपकिरी म्हणजे वय झालेली.

मुख्य मुळावरच्या, मोठ्या, गुलाबी गाठी अर्धा सेंटिमीटर मुळासकट कापून घ्या, म्हणजे गाठीला जखम होत नाही. पाच-सहा वेगवेगळ्या शेतांतून घ्या आणि प्रत्येकीवर शेत, वाण, तारीख लिहा. त्याच दिवशी काम होणार नसेल तर लहान बाटलीत तळाशी सिलिका जेल, वर कापूस, त्यावर गाठी ठेवून झाकण घट्ट लावा. वाळलेल्या गाठीत जिवाणू काही आठवडे जिवंत राहतो, वापरण्याआधी गाठी तासभर पाण्यात भिजवायच्या.

वाढीचे माध्यम

प्रयोगशाळेतले नेहमीचे माध्यम यीस्ट-मॅनिटॉल आगर. एक लिटर पाण्याला मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५ ग्रॅम आणि आगर १५ ग्रॅम. सामू (पीएच) ६.८ ते ७. ताटलीत (झाकणाच्या पेट्री डिशमध्ये) वेगळेपणा ओळखण्यासाठी काँगो रेड रंग लिटरला २५ मिलिग्रॅम.

यातल्या काही गोष्टींना साधे पर्याय आहेत. घेवड्याचा जिवाणू जलद वाढणारा आहे आणि मॅनिटॉलऐवजी साधी साखर खातो. सोयाबीनच्या मंद जिवाणूला साखर चालत नाही, त्याला मॅनिटॉलच द्या. आगर म्हणजे किराणा दुकानातले चायना ग्रास. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नसेल तर बेकरीचे कोरडे यीस्ट ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून अर्धा-पाऊण तास उकळा, रात्रभर थंड जागी निवळू द्या आणि वरचे स्वच्छ पाणी लिटरला १०० मिली वापरा. डायपोटॅशियम फॉस्फेटच्या जागी द्राक्षबागायतदारांचे ०:५२:३४ हे विद्राव्य खत चालते, पण त्याने सामू खाली येतो. खाण्याचा सोडा अगदी थोडा थोडा घालत सामूच्या पट्टीवर ७ च्या जवळ आणा. पाणी विहिरीचे किंवा पावसाचे घ्या. नळाचे असेल तर रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्या.

निर्जंतुकीकरण हा या सगळ्या कामाचा कणा आहे. घरगुती प्रेशर कुकरची शिट्टी साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उडते, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास तापमान असते. माध्यम बाटल्यांत दोन-तृतीयांश भरा, तोंडाला कापसाचा बोळा आणि वर कागद बांधा. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २० मिनिटे ठेवा. दाब आपोआप उतरू द्या, घाईने शिट्टी उचलली तर माध्यम उसळून बोळे भिजतात. या कामाचा कुकर स्वयंपाकाला परत वापरायचा नाही.

गाठीतून ताटलीवर

पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल स्पिरिटने पुसलेले, स्पिरिटचा दिवा पेटलेला. सगळी उघडझाप ज्योतीजवळ करायची.

धुतलेली अख्खी गाठ १० सेकंद स्पिरिटमध्ये बुडवा. मग ३ ते ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटे ठेवा. बाजारातले ब्लीच साधारण याच ताकदीचे असते, बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. जुन्या पुस्तकांत इथे मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेले असते. तो जालीम विषारी पदार्थ आहे, घरी किंवा शाळेत त्याला हात लावू नका. ब्लीचसुद्धा संडास धुण्याच्या आम्लाजवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. नंतर उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यात गाठ पाच-सहा वेळा विसळा. शेवटच्या विसळणीचे दोन थेंब एका वेगळ्या ताटलीवर टाकून ठेवा. त्या ताटलीवर काही उगवले तर गाठीचा पृष्ठभाग स्वच्छ झालेला नव्हता आणि त्या खेपेचे सगळे फेकायचे.

स्वच्छ गाठ दोन थेंब निर्जंतुक पाण्यात तापवून थंड केलेल्या काचकांडीने चिरडा. ते दुधाळ पाणी तारेच्या फासाने आगरच्या ताटलीवर रेघा ओढत पसरा. ताटली उलटी करून २८ ते ३० अंशांना, अंधारात ठेवा. उजेडात रायझोबियमही काँगो रेड शोषून घेतो आणि ओळख फसते.

तीन ते पाच दिवसांत पांढरट, अर्धपारदर्शक, चमकदार, गोंदासारख्या चिकट वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसू लागतात. त्या रंग घेत नाहीत किंवा फारच फिकट गुलाबी होतात. गडद लाल होणाऱ्या वसाहती बहुधा ॲग्रोबॅक्टेरियमच्या, म्हणजे दिसायला सारख्या पण आपल्या कामाच्या नसलेल्या. दुसऱ्याच दिवशी भरभर पसरलेले, पिवळे, केसाळ किंवा घाण वासाचे काही दिसले तर ताटली उघडूच नका, तशीच कुकरमध्ये अर्धा तास उकडून टाका. काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू हा आम्लता दाखवणारा रंग घातला तर घेवड्याचा जिवाणू आम्ल सोडून माध्यम पिवळे करतो आणि सोयाबीनचा मंद जिवाणू ते निळे करतो.

एकट्या उभ्या असलेल्या वसाहतीतून पुन्हा नवी ताटली, तिच्यातून पुन्हा एक. सगळ्या वसाहती एकसारख्या दिसू लागल्या की तिरप्या आगरच्या परीक्षानळीत लावून फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी नव्या नळीत उतरवा.

कुंडीतली चाचणी टाळू नका

ताटलीवर दिसणारा जिवाणू रायझोबियम आहे की नाही, याचा निकाल फक्त झाड देते. पुष्कळ जण हा टप्पा गाळतात आणि मग पोतीभर निरुपयोगी जिवाणू शेतात टाकतात.

नदीची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कुकरमध्ये तासभर उकडा आणि स्वच्छ डब्यांत भरा. घेवड्याचे बी वरच्यासारखेच स्पिरिट-ब्लीचने धुऊन पेरा. पाण्याऐवजी नत्र नसलेले पोषणद्रावण द्या: लिटरला डायकॅल्शियम फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी ०.२ ग्रॅम, फेरिक क्लोराइड ०.१ ग्रॅम. कुंड्यांचे तीन गट करा. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात बियांवर तुमच्या जिवाणूचे एक मिली द्रावण. तिसऱ्यात जिवाणू नाही, पण पोषणद्रावणात लिटरला अर्धा ग्रॅम १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. प्रत्येक गटात चार तरी कुंड्या हव्यात आणि पहिला गट दुसऱ्यापासून लांब ठेवा, पाण्याचे शिंतोडेही उडता कामा नयेत.

पाच आठवड्यांनी उकरा. पहिल्या गटात गाठी दिसल्या तर बाहेरून जिवाणू शिरला आहे, चाचणी पुन्हा घ्यायची. दुसऱ्या गटाची पाने तिसऱ्या गटाच्या जवळपास हिरवी असतील, गाठी मोठ्या आणि गुलाबी असतील, तर जिवाणू कामाचा. पाच-सहा शेतांतल्या नमुन्यांत फार मोठा फरक दिसतो, आणि सगळ्या खटाटोपाचे फळ या फरकातच आहे. झाडे वाळवून वजन करा आणि सर्वांत जड गटाचा जिवाणू पुढे न्या. गाठींच्या संख्येवर भाळू नका, दहा मोठ्या गुलाबी गाठी शंभर बारीक पांढऱ्या गाठींपेक्षा जास्त नत्र देतात.

वाढवणे

पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी सुरुवात करा. माध्यम तेच, फक्त आगर आणि काँगो रेड वगळून. नळीतला जिवाणू ५० मिलीत, तीन दिवसांनी ते ५० मिली अर्ध्या लिटरमध्ये, मग ते पाच लिटरमध्ये. दुधाला विरजण लावतो तसेच: विरजण चांगले आणि पुरेसे असेल तर भलते काही वाढायला वेळच मिळत नाही. थेट नळीतून पाच लिटरवर उडी मारली तर तेवढ्या काळात दुसरे जंतू बाजी मारतात.

या जिवाणूला हवा भरपूर लागते. भांडे एक-तृतीयांशच भरा आणि दिवसातून अनेकदा हलवा. मोठ्या बरणीसाठी मत्स्यपात्राचा छोटा पंप चांगला, फक्त हवेच्या नळीत निर्जंतुक कापसाची घट्ट गाळणी बसवा. तीन-चार दिवसांत द्रव दुधाळ आणि किंचित बुळबुळीत होतो. वास सौम्य असतो. आंबूस, कुजका किंवा दारूसारखा वास आला तर पूर्ण खेप उकळून ओतून द्या. जवळच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेल तर ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून ओळखण्याची चाचणी) करून घ्या: एकसारखे, लहान, गुलाबी दंडगोल दिसले पाहिजेत.

चांगल्या द्रवात मिलीला कित्येक कोटी जिवाणू असतात. पेरणी चार-पाच दिवसांवर असेल तर लिग्नाइट-कोळशाच्या भानगडीत न पडता हाच द्रव बियांना लावावा, असे मी सुचवेन. घरच्या संवर्धकात सर्वाधिक बिघाड वाहकात, म्हणजे जिवाणू धरून ठेवणाऱ्या या पुडीत, मिसळतानाच होतो.

साठवायचेच असेल तर लाकडी कोळशाची किंवा लिग्नाइटची मैद्यासारखी पूड घ्या. लिग्नाइट आम्लधर्मी असते, त्याला खडूच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) पुडीने सामू ७ ला आणा. कोळशाचा सामूही तपासा. पूड कापडी पुरचुंडीत बांधून कुकरमध्ये तासभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर उकडा. थंड झाल्यावर किलोला ३५० ते ४०० मिली द्रव मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. स्वच्छ ट्रेमध्ये झाकून दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पिशव्यांत अर्ध्यापर्यंतच भरा. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. महिना-दीड महिन्यात वापरून टाका.

शेजाऱ्यांना वाटा, पण परवान्याशिवाय विकू नका. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात.

बियांवर किती पोहोचतात याचा हिशेब

मानकाप्रमाणे वाहकयुक्त रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत. शिफारस १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची. म्हणजे एकूण १,२५० कोटी. शंभर दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम धरले तर १० किलोत सुमारे २८,५०० दाणे, दर दाण्याला जवळजवळ ४ लाख ४० हजार. मोठ्या दाण्याला लाखभर तरी हवेत असे धरतात, तेव्हा हे ठीकच. पण तेच पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तापले आणि संख्या ग्रॅमला १० लाखांवर आली तर दाण्याला नऊ हजारही मिळत नाहीत. पाकीट दिसायला तसेच, तारीख तीच, रंग तोच. म्हणून मुदतीइतकेच पाकीट कुठे ठेवले होते हे दुकानदाराला विचारा. घरी आणल्यावर ते गाडीच्या बॉनेटवर किंवा बांधावर उन्हात टाकू नका. शेतात नेताना ओल्या बारदानात गुंडाळून न्या.

बीजप्रक्रिया

१२५ ग्रॅम गूळ एक लिटर पाण्यात उकळून पूर्ण थंड करा. गरम द्रावणात जिवाणू मरतात. १० किलो घेवड्याला १०० मिली जिवाणूद्रव आणि तेवढेच गुळाचे पाणी, किंवा २५० ग्रॅम वाहकयुक्त संवर्धक आणि बी जेमतेम ओलसर होईल एवढेच गुळाचे पाणी. घेवड्याची साल पातळ असते, पाणी जास्त झाले की ती सुरकुतते आणि सुटते. त्यामुळे ताडपत्रीवर बी पसरून वरून थोडे थोडे शिंपडत हलक्या हाताने खालीवर करा. रगडू नका. सावलीत अर्धा तास वाळवा आणि त्याच दिवशी पेरा.

बुरशीनाशक लावायचे असेल तर क्रम बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, आणि मध्ये बी नीट वाळू द्यायचे. तांबेयुक्त औषधे आणि कॅप्टन जिवाणूला घातक आहेत. घेवड्याला ट्रायकोडर्मा वापरणे मला अधिक पटते, त्याचे रायझोबियमशी जमते. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही बरोबर लावता येतात.

वाफसा असताना, ढगाळ दिवशी किंवा उन्हे उतरल्यावर पेरा आणि बी लगेच मातीआड करा. पाभरीच्या एकाच चाड्यात खत आणि प्रक्रिया केलेले बी मिसळू नका, खताचे क्षार काही तासांत जिवाणूंचा फडशा पाडतात.

कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत गुळाच्या लेपानंतर बियांवर बारीक खडूची पूड घोळवा, त्या पांढऱ्या कवचात जिवाणू तगतो.

खत किती कमी करायचे

पहिल्याच वर्षी युरिया पूर्ण तोडू नका. घेवडा मुळात आळशी नत्रदाता, आणि गाठी कामाला लागेपर्यंत तीन आठवडे जातात. तोवरच्या भुकेसाठी हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पेरणीबरोबर द्या. पण महिन्याच्या झाडाला युरियाचा मोठा डोस दिला की ते गाठींना साखर पुरवणे थांबवते, सगळी मेहनत तिथेच संपते. स्फुरद मात्र पुरेसे द्या. नत्राचा एक रेणू फोडायला गाठीला १६ एटीपी, म्हणजे पेशीतील ऊर्जेचे रेणू, खर्चावे लागतात आणि एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट दिले तर गंधकही मिळते.

शेतात तीन पट्टे राखा: एक बीजप्रक्रियेविना, एक जिवाणूचा, एक जिवाणूविना पण पूर्ण युरियाचा. पस्तिसाव्या दिवशी तिन्हींतून दहा-दहा झाडे उकरा. गाठी खोडाजवळ, मुख्य मुळाच्या वरच्या भागात गोळा झालेल्या असतील तर त्या बहुधा तुम्ही लावलेल्या जिवाणूच्या. लांबच्या उपमुळांवर विखुरलेल्या गाठी बहुतेक मातीतल्या मूळच्या जिवाणूंच्या. मळणीला तिन्ही पट्ट्यांचे दाणे वेगळे तोला. जिवाणूचा पट्टा युरियाच्या पट्ट्याच्या जवळ आला तर पुढच्या वर्षी वरखताचा युरिया निम्म्यावर आणून बघा. नाही आला तर त्याच पट्ट्यातल्या सर्वांत हिरव्या झाडाच्या गाठी बाटलीत भरा आणि ताटलीपासून पुन्हा सुरू करा.